तीन खुंट्या

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे मी बरी आहे, शिलाई मशीन माझ्याहून बरं आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र पोचलं. ‘दुकानात चिटपाखरूही नव्हतं, बहिणीचं काही चालत नाही’ असं शेजारच्या चपलावाल्याने तुला सांगितलं. म्हणून बाबांचं दुकान त्याला भाड्याने द्यायचं आणि मी तुमच्याकडे येऊन राहायचं, असं तू ठरवलंस. आता माझं ऐक.

पूर्वी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. कपड्यांचे ढीग, आणि त्यात उभी राहून माझ्या नावाने खडे फोडणारी गिऱ्हाइकं. त्या गर्दीलाच आपण धंदा समजत होतो. बँडवाल्याच्या कोटाला मी शाळामास्तरांच्या बाह्या जोडल्या, त्या याच धांदलीत. तारखा लिहून ठेवायला तू जाडजूड डायरी पाठवलीस, ती ढिगाखाली गेली. भाचीने कामांची आठवण राहावी म्हणून फोनमध्ये घंटा लावून दिली. ती इतकी वाजायची, की मला ऐकूच येईनाशी झाली.

मग एके दुपारी खुंट्यांची फळी ओझ्याने मोडली. भिंतीवर तीनच खुंट्या शाबूत राहिल्या. सुतार म्हणाला, "आठवड्याने येतो." तोवर करणार काय? तीन कपडे लावले, बाकीचे कपाटात कोंबले आणि त्याचं दार लावून टाकलं. डोळ्यांसमोर तीनच, त्यामुळे कुठून सुरुवात करू हा घोळच उरला नाही. एक संपला की कपाटातला पुढचा. सुतार उगवला तेव्हा कपाट रिकामं होतं. त्याला चहा पाजला आणि नव्या फळीसकट परत पाठवलं.

आता खुंटी मोकळी असेल तरच कपडा घेते. नसेल तर गिऱ्हाइकाने तो घरी न्यायचा, मी बोलावीन तेव्हा आणायचा. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. बँडवाला तर तोंडावर म्हणाला, "बाई, फार शेफारलात तुम्ही." आता तोच अख्ख्या बँडचे कोट आणतो, तीन-तीन करून. सांगितलेल्या दिवशी कपडा तयार असतो, दादा, आणि तोही माझ्याकडे. मलाच अजून खरं वाटत नाही.

चपलावाला आला तेव्हा हातातलं सगळं संपवून मी निवांत बसले होते. मला तसं बसलेलं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, धंदा बुडाला.

इतका वेळ एक गोष्ट सांगायची टाळतेय. तुला न विचारताच मी त्याला नाही म्हणून टाकलं आहे. दुकान आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि माझी सही त्याला मिळणार नाही. तू रागावशील, रागाव. माझ्या काळजीपोटीच तू हे करत होतास, ते कळतं मला. पण तुमच्या घरी कितीही लाड झाले तरी मी पाहुणीच. इथे शब्द माझा चालतो, आणि आता तो पाळलाही जातो. मी जिंकले, दादा. हे सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं.

तुझीच, पण इथून न हलणारी,
धाकटी