कळवण्यासारखं काही नाही

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सप्तांग. आठवं अंग सध्या रजेवर आहे, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून गोळ्या घेतल्याचं खोटंच सांगतात का? पत्र हाताने न लिहिता टाइप केलंय म्हणून नाक मुरडू नकोस. फोनच केला असता, पण रोज संध्याकाळी अख्ख्या खानदानाला फोन करून "जेवलास का?" विचारायचं तू बंद केलंस आणि ज्याला सांगायचं असेल तो करेल फोन, असं जाहीर केलंस. तेव्हापासून मी फोन केला की तू आधी "काय काम काढलंस?" म्हणतेस, आणि काम नसलं की माझी दातखीळ बसते.

इकडे मला हल्ली दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासायला बसवलंय. (थोडक्यात सासूचं काम, पण पगारी.) आमचा प्रोग्रॅम शेकडो फायली आणि जोडण्या एकदम उघडून बसतो. प्रत्येकीला एक नंबर देतो, दवाखान्यात पेशंटला देतात तसा, आणि मग एकेका नंबराला विचारत हिंडतो, की बाबा, तुझ्याकडे काही आलं का? बहुतेकांकडे काही नसतं, पण विचारून विचारून मशीन तापतं. शेजारच्या टेबलावरची चिमणी (आवाजावरून पडलेलं नाव) म्हणाली, ही वणवण हवी कशाला? एक राखणदार बसवू. कुठे काही आलं की तो आपल्याला उठवेल, तोवर खुशाल झोपा. तिचं हे पहिलंच मोठं काम. मला तुझी आठवण झाली ती इथे.

मी चालवून पाहिलं. मशीन गार, सगळीकडे शांतता. "उत्तम" असा शेरा ठोकून मी चहाला गेलो आणि तिथे उभ्या उभ्या स्वतःच्या अकलेचं कौतुकही करून घेतलं. परत येतो तर चिमणी रडवेली. चाचणीचे निरोप अर्धेमुर्धेच पोचले होते. भानगड अशी, की हा राखणदार एका गोष्टीसाठी एकदाच उठवतो. आमचा कोड उठायचा, पहिला घास घ्यायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. उरलेलं ताटात तसंच, आणि ते काही आपणहून बोंब मारत नाही. मी मात्र त्या शांततेला खुशाली समजून बसलो होतो.

मग "उत्तम" खोडलं आणि नवा शेरा लिहिला: उठलात की ताट रिकामं होईपर्यंत वाचा. आणि कोणी बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका. अधूनमधून आपणहून एक फेरी मारा. चिमणीने दोन्ही केलं, बदल मंजूर झाला, तिने सगळ्यांना चहा पाजला. ही फेरीची अक्कल कुठून आली म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, आत्याकडून.

काकांना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुझा लाडका (असं मीच म्हणतो) भाचा

ता. क. तो शेरा तुलाही लागू आहे. चिमणीचा बदल मंजूर, तुझा साफ नामंजूर. संध्याकाळची फेरी पुन्हा सुरू कर.

ता. क. पुन्हा एकदा. ऑफिसच्या जिन्यात घसरून माझा उजवा हात मोडला, त्याला महिना होत आला. म्हणून हे तपासायचं काम, म्हणून हे एका बोटाने टाइप केलेलं पत्र. त्यात मुद्दाम कळवण्यासारखं काय, असं वाटून राहून गेलं. तू नेहमीसारखं "जेवलास का?" विचारलं असतंस, तर त्याच दिवशी म्हणालो असतो, हो आत्या, डाव्या हाताने.