अमावस्येला मशीनला काय सांगायचं

२ मार्च १९८७, सोमवार
आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. दुसरीपर्यंत शिकले तेवढं त्याला पुरतंय. कुणी वाचायच्या नाहीत. मी गेल्यावर वही बंबात घालावी.

दुकान शाहूपुरीत. कॉम्प्युटरवर पत्रिका. नात नंदिनी पुण्यास्नं मशीनचं शिकून आली आणि बापाच्या, म्हणजे माझ्या बाळासोच्या, डोक्यावर बसली. त्यानं सायकलचं दुकान मोडलं, लोन काढलं. आता जन्मतारीख आणि वेळ घातली की कुंडली, ग्रह आणि माणसाच्या एकशेवीस वर्षांच्या दशा कर्रकर्र करत बाहेर.

दुकान खरं चालतं माझ्यामुळं. सकाळी नंदिनीच्या लुनावर मागं बसून जाते. झाडलोट, उदबत्ती, मग मशीन चालू. चालू झालं की पहिल्यांदा आजची तारीख विचारतं. रोज. रात्रीत विसरतं. आमचे मालक पिऊन आले तरी वार बरोबर सांगायचे.

तारीख मी घालते. इंग्रजी आकडे घड्याळावरनं येतात. आधी महिना, मग दिवस, मग साल. अमेरिकेत सगळं उलटं. शेवटी मोठं बटण.

ठराव : गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही.

५ मार्च, गुरुवार
बोलावं लागलं. कुरुंदवाडच्या विठाबाई नातीची पत्रिका घ्यायला आल्या. कागद वाचता वाचता किंचाळल्या. पोरगी जन्मली ८६ ला आणि गुरूची दशा लागणार १९०६ साली. म्हणाल्या, अवो, हे काय? माझी पोरगी हाय का भूत?

मी सांगितलं, मशीन परदेशी हाय, त्याला पुढचं बोलायची लाज वाटती म्हणून मागचं बोलतंय. बाई कागद टाकून गेल्या. मनातून पटलं असावं.

नंदिनीनं मग मला उलगडून सांगितलं. मशीनबरोबर तारखांची तयार मोजणी आली आहे. ती सालाचे शेवटचे दोनच आकडे धरते. नव्व्याण्णव संपलं की शून्य, आणि शून्य म्हणजे तिच्या लेखी १९००. त्याच्या पुढचा काळ तिला ठाऊकच नाही.

मी म्हटलं, मग पेनानं एकोणीसचं वीस कर की. म्हणाली, आक्का, नुसता आकडा नाही, वार आणि ग्रहपण १९०६ चेच छापलेत.

आता ती मोजणी काढून टाकायची आणि स्वतःची लिहायची, जी सालं न धरता सलग दिवस मोजते. मग पत्रिकेतलं जे जे कोष्टक जुन्या मोजणीला विचारत होतं ते नव्या मोजणीला जोडायचं. म्हणाली, पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मी आहे.

९ मार्च, सोमवार
बाळासो भडकला. विठाबाईंनी सगळ्या कुरुंदवाडात बोंब केलीय. म्हणाला, सायकलचं पंक्चर काढलं तर दिसायचं तरी.

तेवढ्यात हुपरीचे हंबीरराव येऊन गेले. चांदीचे पैंजण करणारे, चार गल्ल्या नातेवाईक. बऱ्याच नवसांनी नातू झालाय. पाडव्याला पत्रिका काढायची आणि त्याच दिवशी नाव ठेवायचं. अट एकच : माझ्या डोळ्यांदेखत छापायची. जन्माची वेळ तोपर्यंत सांगणार नाहीत, नजर लागती म्हणे. पत्रिका मनासारखी आली तर सगळी हुपरी तुमच्या दारात, म्हणाले.

ते गेल्यावर बाळासोनं नंदिनीला बजावलं. पाडव्याला हे जमलं तर दुकान ऱ्हाईल. न्हाय जमलं तर मशीन विकणार आणि बेळगावच्या स्थळाला होकार देणार. मुलाच्या घरी बायकांनी दुकानात बसायची पद्धत नाही.

मला काय त्याचं. पण ती बेळगावला गेली तर मला लुनावरनं कोण नेणार?

१३ मार्च, शुक्रवार
नंदिनी दिवसभर बटणं बडवते. मी मागं बसून लक्ष ठेवते. चुकली की ती आपणच च्च म्हणते, म्हणजे मला म्हणावं लागत नाही.

तिची एक पद्धत. एक फ्लॉपी दुकानात, एक पर्समध्ये घरी. चोरी झाली, आग लागली तरी काम राहावं म्हणून. दिवसभर काम दुकानातल्या फ्लॉपीवर. संध्याकाळी दोन्ही मशीनला दाखवायच्या. ज्या कामाची तारीख अलीकडची, ते मशीन ठेवतं आणि जुन्यावर चढवतं. तिला बघावंही लागत नाही. मशीनला तारखेवरनं कळतं.

आणि तारीख सांगतं कोण? मी.

१६ मार्च, सोमवार
आज धुळवड. म्हणजे कर. करीच्या दिवशी नवं काम कुणी करत नाही. नंदिनीला म्हटलं, आज दुकान उघडू नकोस. म्हणाली, आक्का, वेळ नाही गं.

बरं. आपण उपाय काढला. सकाळी मशीननं तारीख विचारल्यावर शुक्रवारची घातली. शुक्रवार अंबाबाईचा वार, उत्तम. मशीनला कुठं कळतंय कर म्हणून. दिवस चांगला झाला की काम चांगलं.

हे नंदिनीला सांगायची गरज नाही. तिचा विश्वास फक्त अमेरिकेवर.

१७ मार्च, मंगळवार
काल केलेलं काम आज फ्लॉपीत नाही. परवाचंच आहे. नंदिनीला वाटतंय, कामाच्या नादात आपणच साठवायला विसरलो. दिवसभर कालचंच परत लिहीत बसली.

जेवत नाही नीट. दूध पी म्हटलं तर ऐकत नाही. विसरणारच.

२३ मार्च, सोमवार
टेस्ट केली. १९९९ च्या पुढं गेलं! दोन हजार आलं, दोन हजार एक आलं. आणि २००४ ला पोचल्यावर वार चुकला. नंदिनी म्हणाली, लीप वर्षाची चूक आहे, सापडेल. बाळासो दारात उभा होता. म्हणाला, सतरा वर्षांनंतरच्या वारावर माझं लोन टांगलंय, वा रं नशीब.

मला बोलायचं नव्हतं. तरी म्हटलं, तू सातवीत तीनदा बसलास तेव्हा आम्ही धीर धरला की न्हाय? सरळ घरी गेला.

२७ मार्च, शुक्रवार
लीप वर्ष सापडलं. पण दशांचं कोष्टक अजून जुन्या मोजणीला विचारतंय. एक जागा जोडली की दुसरी उसवते. नंदिनीचे डोळे लाल. माझा सल्ला चालू आहे.

बेळगावचं पत्र आलं. मुलगी बघायला कधी येऊ? बाळासो म्हणाला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करतो. बेळगावचा नंबर मीच पाठ करून ठेवलाय, घरात दुसऱ्या कुणाला राहत नाही.

२८ मार्च, शनिवार
शनिवार. तरी आज खरी तारीख घातली. नंदिनी शेजारीच उभी होती.

दशा अजून १९०० वरच. परवा पाडवा. ती मान वर न करता बटणं बडवते आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

२० मार्च, शुक्रवार
खरं तर आज २९, रविवार. पण अमावस्या. आणि साधी नव्हे, वर्षाची शेवटची, तीही क्षय नावाच्या संवत्सराची. अशा दिवशी पोरीचं अख्खं नशीब मशीनमध्ये घालायचं? मी सकाळी मशीनला २० मार्च सांगितलं. मागच्या आठवड्यातला शुक्रवार. वहीतही तेच लिहिते. एकीकडं एक आणि दुसरीकडं एक असं मला आवडत नाही.

आणि बघा! दुपारी झालं!! शेजारच्या कृष्णातच्या बारक्याची पत्रिका टेस्टला घातली. १९९९ गेलं, दोन हजार गेलं, दशा सरळ एकवीसशेपर्यंत उतरत गेल्या. वार बरोबर, ग्रह बरोबर. नंदिनी खुर्चीवरनं उठून नाचली. बाळासो पेढे घेऊन आला. पोरीला म्हणाला, जिंकलीस की गं वाघिणी.

माझं नाव कुणी घेतलं नाही. हरकत नाही. दिवस कुणी दिला ते मला माहीत आहे.

संध्याकाळी नंदिनीनं नेहमीसारख्या दोन्ही फ्लॉप्या मशीनला दाखवल्या. नवं ठेव, जुन्यावर चढव. मशीननं घुर्रघुर्र केलं. लुनावर गाणं म्हणत घरी आली.

३० मार्च, सोमवार. गुढीपाडवा
लिहायला हात होत नाही. पण लिहायचं म्हणजे लिहायचं.

हंबीरराव सांगितल्या वेळेच्या आधीच आले. जीपभर माणसं. बायको शालूबाई, सून, मांडीवर बाळ. दुकानात हलायला जागा नाही. मशीनला मी आजची खरी तारीख दिली, एवढा चांगला दिवस. हंबीररावांनी नंदिनीच्या कानात वेळ सांगितली. कर्रकर्र.

शालूबाईंनीच पहिल्यांदा वाचलं. बाळाचा शनी सुटणार १९०३ साली.

नंदिनीनं परत छापलं. १९०३. तिसऱ्यांदा. १९०३. काल दुपारचं सगळं काम फ्लॉपीतनं नाहीसं. जुनंच परत आलेलं.

हंबीरराव म्हणाले, पोरी, नातू माझा गेल्या महिन्यात झालाय, त्याचा शनी माझ्या जन्माआधीच सुटला व्हय? शालूबाईंनी पदर डोळ्याला लावला. बाळासो भिंतीकडं बघत उभा. कुणीतरी सावरायला पाहिजे होतं.

मी सावरलं. म्हटलं, पावणं, घाबरू नका. मशीन मागचा जन्म दावतंय. १९०३ साली तुमच्या घरात जो जन्मला, तोच परत आलाय. भाग्यवान हाय घर.

हंबीररावांनी बोटं मोजली. मग म्हणाले, तीन सालचा माझा थोरला चुलता. भट्टीवरची चांदी घेऊन रातोरात पळाला, त्याच्यापायी माझा आज्जा झुरून मेला. त्यो परत आला म्हणता?

मला हे आधी कुणी सांगायला नको होतं का?

जीप गेली. पेढ्यांचा पुडा तसाच.

३१ मार्च, मंगळवार
नंदिनीनं फ्लॉपीतल्या कामांच्या तारखा मशीनवर काढल्या. एकेक तारखेवर बोट फिरवलं. मग मान न वळवता विचारलं, आक्का, परवा सकाळी तू कुठली तारीख घातलीस?

म्हटलं, चांगली.

म्हणजे कुठली?

वीस. अमावस्येला का घालणार अमावस्या?

तिनं डोकं टेबलावर टेकलं. मग सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. झालेल्या कामावर वीस तारीख, घरच्या अर्धवट कामावर अठ्ठावीस. मशीनला वाटलं वीसचं जुनं. पुसलं. मग विचारलं, धुळवडीला? म्हटलं, तेव्हा शुक्रवार होता. म्हणजे तेव्हा मीच केला होता.

चिडली नाही. म्हणाली, काम डोक्यात आहे, दोन दिवसांत परत लिहीन. पण बाबा आज बेळगावला फोन लावणार.

बाळासो खरंच निघाला. वाटेत माझ्याकडं आला. म्हणाला, आई, बेळगावचा नंबर सांग.

सांगितला. एक आकडा जरा चांगला घातला.

१ एप्रिल, बुधवार
बाळासोचा ट्रंक कॉल दोन तासांनी लागला, तो कुणा दातांच्या डॉक्टरला. त्यानं ह्याला दाढेचं विचारलं. हा म्हणाला, दाढ न्हाय, पोरगी दाखवायचीय. तिकडनं शिव्या. आज परत लावला, परत तोच डॉक्टर. आता बाळासो म्हणतो, आठवडा जाऊ दे, तोंड दाखवायला जागा न्हाय.

नंदिनी बटणं बडवते आहे. मला मशीनपासून तीन हात लांब स्टुलावर बसवलंय.

२ एप्रिल, गुरुवार
झालं. बाळाची वेळ आता ठाऊक होतीच. शनी सुटतो २००३ ला, पुढं सगळ्या दशा एकवीसशे चारपर्यंत, वारासकट. दोन वेळा बंद करून, चालू करून, परत छापून बघितलं. तारीख नंदिनीनं घातली.

बापलेक पत्रिका घेऊन हुपरीला गेले. मी दिवसभर दारात. वाट बघत नव्हते, वारा येत होता.

संध्याकाळी आले. हंबीररावांनी पत्रिका तीनदा वाचली, बाळाच्या कपाळाला लावली. बारसं लांबवलं होतं, ते आता रविवारी. आणखी सात घरच्या पत्रिका सांगितल्या. बाळासो बेळगावला नको म्हणून पत्र टाकणार आहे. मशीन ऱ्हाईल म्हणाला.

मी म्हटलं, बघा, उशिरा का होईना, दिवस लागू पडला.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग बाळासोनं सांगितलं. हंबीररावांची एक अट आहे. हुपरीची माणसं येतील, पण ती म्हातारी दुकानात दिसता कामा नये.

मी विचारलं, तू काय म्हणालास?

म्हणाला, व्हय म्हटलं.

३ एप्रिल, शुक्रवार
दुकान मी स्वतःहून सोडलं. शिकवायचं ते सगळं शिकवून झालं. वयही झालं. तसा ठराव मी पाडव्याआधीच केला होता, लिहायचा राहिला.

सकाळी मी लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार होते. सवयीनं. नंदिनी म्हणाली, आक्का, संध्याकाळी येताना केळी आणते हं. लुनाची किक मारली आणि गेली. मागची सीट रिकामी. उदबत्तीचा पुडा माझ्याच पिशवीत राहिला.

आता मशीननं तारीख विचारली असेल. तिनं आहे तीच सांगितली असेल.

पुढची अमावस्या येऊ दे.