रिकामा फ्रीझर जास्त वीज खातो

२९ ऑगस्ट, शनिवार

लायल आज पुन्हा आला होता. जूनपासून इथेच पोकाटेलोत राहतो आहे, गावाबाहेरच्या वसाहतीत, भाड्याच्या चाकांवरच्या घरात. नात्याने माझा बाप. मी नऊ वर्षांची असताना ट्रक घेऊन गेला आणि आता एक दुखरा गुडघा घेऊन परत आला आहे. मी त्याला नावाने हाक मारते. सोयीचं पडतं.

त्याचा प्रस्ताव असा: दोघांनी मिळून म्यूल डिअर या हरणाची शिकार शिकायची. त्याला येत नाही, मलाही येत नाही. त्यातून त्याला या राज्यात राहायला येऊन पुरेसे महिने झालेले नाहीत, म्हणून इथल्या रहिवाशाचा परवाना त्याला मिळत नाही. म्हणजे परवाना माझा, बंदूक माझ्या हातात, आणि तो नुसता बरोबर चालणार.

मी हो म्हटलं. कारण मांस. एका हरणाचं मांस मला वर्षभर पुरेल. याखेरीज दुसरं कोणतंही कारण नाही. पुढे गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते.

रायफल त्याच्या वडिलांची आहे. लायल घर सोडून गेला तेव्हा घरात दोन गोष्टी मागे राहिल्या: ती रायफल आणि मी. दोघींनाही गंज लागला नाही. रायफलला आई तेल लावायची.

आईला बॉयसीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "हरीण दिसायच्या आत हा पळालेला असेल, बघ." मी म्हटलं, माझा संबंध हरणाशी आहे.

५ सप्टेंबर

शिकार-सुरक्षेचा वर्ग. परवान्यासाठी सक्तीचा. वर्गात सगळी दहा-बारा वर्षांची मुलं आणि मी. लायलच्या वयाच्या लोकांना सूट आहे, तरी तो येऊन मागच्या बाकावर बसला आणि वहीत लिहून घेत राहिला. मधल्या सुट्टीत मुलं त्याच्याभोवती. त्याने त्यांना कान हलवून दाखवले. मला हे कौशल्य आनुवंशिकतेने मिळालेलं नाही.

शिकवणारे गृहस्थ बरे होते, पण गोळी किती अंतरावर किती खाली येते याचा त्यांचा तक्ता चुकीचा होता. मी तो दुरुस्त करत असताना दातांना तारा लावलेल्या एका मुलीने हात वर केला. टॅग, म्हणजे मेलेल्या हरणाला बांधायची ती परवान्याची चिठ्ठी, तिच्यावरची तारीख आधीच कापून ठेवली तर काय होतं, असं तिने विचारलं. असल्या प्रश्नांत वर्गाचा वेळ जातो. उत्तराकडे मी लक्ष दिलं नाही. तक्ता मात्र आता अचूक आहे.

परीक्षेत वर्गात पहिली आले. दुसरा आलेला मुलगा पाचवीत आहे.

१२ सप्टेंबर

गोळीबाराचं मैदान. सगळ्या गोळ्या डावीकडे खाली. मी वारा धरला, उतार धरला, तापमान धरलं. लायल म्हणाला, तू चाप ओढताना डोळे मिटतेस. मी म्हटलं, मी पूल तपासणारी अभियंता आहे, डोळे उघडे ठेवण्याचाच पगार घेते.

मग शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला काहीतरी सुचवलं, आणि लायलने मला न सांगता बंदुकीत रिकामं काडतूस घातलं. मी चाप ओढला. आवाज झालाच नाही, तरी नळी चांगली वीतभर खाली गेली. दोघं पुरुष आभाळाकडे बघत उभे राहिले.

निष्कर्ष: नळी जुनी आहे.

१९ सप्टेंबर

लायलने जुना फ्रीझर मिळवला. शेजारणीचं छप्पर दुरुस्त करून दिलं, त्याच्या बदल्यात. पेटीसारखा, वर उघडणारा, एक आख्खा माणूस मावेल एवढा. चाकांवरच्या घरात आता फ्रीझर राहतो आणि उरलेल्या जागेत लायल.

बोलता बोलता त्याने सांगितलं की एलकोच्या एका खाणीवर कामगारांची बस चालवायला माणूस हवा आहे, त्याला विचारलंय, ऑक्टोबरअखेर कळवायचं आहे. एलको नेवाडात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. मी म्हटलं, बरं. तो फ्रीझरच्या झाकणावर हात फिरवत म्हणाला, "हरीण मिळालं तर प्रश्नच मिटला. भरलेला फ्रीझर टाकून कोण जातं?"

 त्याने कुठे राहावं हा त्याचा प्रश्न आहे. घरी आल्यावर सरावाचं वेळापत्रक दुप्पट केलं. हा योगायोग.

२६ सप्टेंबर

टेहळणी. पहाटे डोंगरावर गेलो. सेजच्या झुडपांत दुपारपर्यंत पालथे पडून होतो. माझ्याकडे नकाशे, दुर्बीण, वाऱ्याची दिशा बघायची पावडर. लायलकडे सॅंडविच.

मग नर दिसला. खेचरासारखे मोठे कान, रुंद शिंगं, आणि उशिरा आलेल्या मुलांकडे बघावं तसं बघणं. लायलने त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. मी सांगितलं की ज्याला खायचं आहे त्याचं नाव ठेवू नये. हेडमास्तर अर्धा तास चरला.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने लायलला सांगितलंय की हे हरीण बिचकलं तरी एकदम नाहीसं होत नाही. उड्या मारत चढतं, आणि धारेवरून पलीकडे उतरण्याआधी एकदा थांबून मागे वळून बघतं. तेवढीच वेळ आपली. मी म्हटलं, निघून जाणारे सगळेच मागे बघतात असं नाही.

लायलने सॅंडविचच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "ट्रकच्या आरशात बघितलेलं धरतात का?"

प्रश्न विषयाबाहेरचा होता. मी वाऱ्याची दिशा तपासली.

९ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ.

तंबू ठोकला. उद्या हंगाम उघडतो. तयारी अशी, की अपयशाला जागाच उरलेली नाही.

एक सुधारणा माझी स्वतःची. हरीण पडल्यावर टॅगवरचा महिना आणि दिवस कापायचा असतो. पण त्या वेळी बोटं गारठलेली, रक्ताने माखलेली, धारदार सुरी, घाई. अपघात असेच होतात. म्हणून मी आत्ताच शेकोटीशी बसून दोन्ही चौकटी स्वच्छ कापून टाकल्या. ऑक्टोबर. दहा. लोक हे आधी का करत नाहीत, कळत नाही. लायल समोर बटाटे सोलत होता. त्याने वर बघितलं, सुरी थांबवली, पुन्हा सोलायला लागला. कौतुकाचे शब्द त्याला सुचत नाहीत, हे जुनंच आहे.

१० ऑक्टोबर. सकाळ.

संताप.

एक तरुण नर. अंतर सोपं. वारा तोंडावर. माझे डोळे उघडे. चाप अर्धा ओढला होता. आणि लायल खोकला.

साधं खोकणं नव्हे. जुना ट्रक थंडीत सुरू करावा तसं. नर गेला, त्याच्याबरोबर तीन माद्या गेल्या, आणि मला वाटतं शेजारच्या तालुक्यातलेही गेले. लायल म्हणाला, घशात काहीतरी अडकलं. मी त्याला विचारलं की बाकीच्या चोवीस तासांत घसा रिकामा होता का.

बाई, तू कोणावर भिस्त ठेवलीस, असं आईच्या आवाजात ऐकू आलं. मी ते नोंदवते, मान्य करत नाही.

१० ऑक्टोबर. संध्याकाळ.

दिवसभर दुसरं काही दिसलं नाही. जेवणानंतर तंबूत टॅग काढून बघितला. आज दहा तारीख संपली. उद्या अकरा. कापलेला चौकोन दहाचा.

मग मागची बारीक अक्षरं वाचली. शिकार होण्याआधी तारीख कापलेला टॅग रद्द समजावा. अशा टॅगवर हरीण मारणं म्हणजे टॅगशिवाय मारणं. दुसरा मिळत नाही.

म्हणजे टॅग उद्यासाठीच नव्हे, आजही चालणारा नव्हता. सकाळी मी चाप ओढला असता तर परवाना गेला असता, रायफल जप्त झाली असती आणि हरीणही त्यांनीच नेलं असतं.

अक्षरं फार बारीक छापतात. यावर कोणीतरी तक्रार करायला हवी.

लायलला सांगायचं की नाही याचा विचार केला. बाहेर तो शेकोटीशी बसून गुडघ्याला मलम चोळत होता आणि हरणाच्या मानेचा रस्सा कसा करतात ते मला ओरडून सांगत होता. पेट्रोल पंपावरच्या माणसाकडून शिकलाय. त्याचं मनोधैर्य खचेल. शिवाय फ्रीझर. उद्या सराव म्हणून जायचं, काही दिसणार नाही, परत यायचं. नशीब नव्हतं म्हणायचं. नशिबाला बारीक अक्षरं नसतात.

ही लपवाछपवी नाही. मी पुलांवर भेग दिसली की मोजते आणि लिहून ठेवते. दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे असते.

११ ऑक्टोबर

उजाडताच हेडमास्तर आला.

अर्थातच. सेजमधून चालत, एकटा, आडवा, सावकाश, जणू त्याला कोणी वेळापत्रक दिलं होतं. मी पालथी पडून रायफलवरच्या दुर्बिणीत बघत होते. लायल शेजारी. त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता.

मी कुजबुजले, वारा बदलतोय. वारा नव्हताच. मग म्हटलं, मध्ये गवत आहे. लायलने गवत बघितलं. मग म्हटलं, कोन नीट नाही. इतका नीट कोन वर्गातल्या भिंतीवरच्या चित्रातही नव्हता.

खडा सरकला, हेडमास्तर बिचकला. चारही पाय एकदम उचलत, उड्या मारत चढला, आणि धारेवर थांबला. वळून बघितलं. सरळ माझ्याकडे. दुर्बिणीतला काटा त्याच्या खांद्यावर स्थिर होता. हात एवढा स्थिर मैदानावर कधीच नव्हता, याची नोंद असावी.

मी रायफल खाली ठेवली. तो पलीकडे उतरला.

लायलने भलामोठा श्वास सोडला, एखाद्याने बराच वेळ धरून ठेवावा तसा.  तंबू आवरला. लायलने ट्रक खाली डांबरी रस्त्याला आणला. मग म्हणाला, "तो टॅग दाखव."

मी म्हटलं, बॅगेत खोल आहे.

"पोरी, तू तो कापत होतीस तेव्हा मी समोरच बटाटे सोलत होतो."

पुढचं असं कळलं. त्या तारवाल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्याने वर्गात लिहून घेतलं होतं. म्हणजे शुक्रवारपासून त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, तू कापताना शीळ घालत होतीस. नऊ वर्षांची होतीस तेव्हा घालायचीस. त्यानंतर परवाच ऐकली, मध्येच कशी तोडणार.

मी शीळ घातल्याची माझ्याकडे नोंद नाही.

"मग काल तो खोकला?"

"मला कसला खोकला."

"आणि आज?"

"आजही श्वास भरून तयार होतो. पण तूच बंदूक ठेवलीस." थोडं थांबून म्हणाला, "वाट बघत होतो, सांगशील म्हणून. मग म्हटलं, हिला माझं वळण लागलंय. गुपचूप सगळं आपलं आपण आवरायचं."

मी म्हटलं, हरीण मिळणार नाही हे माहीत असून दोन दिवस तो गुडघा घेऊन डोंगर चढलास कशाला. त्याने गिअर बदलला.

"तू चढत होतीस ना."

उत्तर अपुरं आहे.  

१५ ऑक्टोबर

लायलने एलकोच्या माणसाचा नंबर फ्रीझरच्या झाकणावर चिकटवला आहे. मी दुसऱ्या कामासाठी गेले असताना दिसला. झाकण उघडून बघितलं. आत नुसता बर्फ आणि दिवा.

मला काही फरक पडत नाही. रात्रीच्या जेवणाला भूक नव्हती, ते हवेमुळे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

तांत्रिक बाब. रिकामा फ्रीझर भरलेल्या फ्रीझरपेक्षा जास्त वीज खातो. झाकण उघडलं की आतली सगळी गार हवा बाहेर पडते, गोठलेल्या वस्तू मात्र गारवा धरून ठेवतात. हे कोणीही तपासून बघावं. असा अपव्यय उघड्या डोळ्यांनी बघणं माझ्या पेशात बसत नाही.

म्हणून सकाळी बाजारात जाऊन गाडीची डिकी भरून आणली. वाटाणे, मका, कोंबड्या, पाव, पुन्हा वाटाणे. एक टर्कीही, दोघांना पुरून उरेल एवढा. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारच्या सणाला शिजवतात, तोवर तिथेच राहावा लागेल. माझ्या घरी एवढी जागा नाही.

लायल दारात उभा राहून बघत होता. मी सगळं आकारानुसार रचलं. कुठे बोट शिरायला जागा ठेवली नाही. झाकणावरचा नंबर मध्ये येत होता, तो काढून बाजूला ठेवला. कुठे ठेवला, आत्ता आठवत नाही.

तो पुढे आला, आत वाकून बघितलं. म्हणाला, "अगं पोरी, एवढे वाटाणे मी मरेपर्यंत संपायचे नाहीत."

"घाई नाही," मी म्हटलं. "हळूहळू खा, डॅड."

शेवटचा शब्द थंडीमुळे निघाला. झाकण बराच वेळ उघडं होतं.