आधी हात, मग विराम

गुनसान,
९ जानेवारी २०२४

तीर्थरूप ताईस,
ताए-योलचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुझे डिसेंबरचे पत्र व सोबतचे बर्फात वाळवलेले मासे पोचले. पत्रात तू दहा लिहिले आहेस. पुडक्यात बारा होते. दोन चुकून आले असल्यास परत पाठवणे शक्य नाही, कारण ते मी खाल्ले.

माझी प्रकृती ठीक आहे. बंदरावरच्या वजनकाट्यावर मला सकाळची पाळी असते. दुपारी तीनला मोकळा होतो. घरात बोलणारी वस्तू एकच, ती म्हणजे भाताचा कुकर. भात झाला की तो बाईच्या आवाजात तसे जाहीर करतो. अलीकडे मी त्याला 'बरं' असे उत्तर देऊ लागलो आहे. हे सांगण्याजोगे नव्हे, तरी सांगतो.

आता मुख्य विषय. 'सात खिंडी' हा आमचा संगणकावरचा युद्धाचा खेळ तुला नावाने ठाऊक आहे, आणि त्याचे नावही तुला नको असते. पंचवीस वर्षांपूर्वी हा खेळ येत नाही असा तरुण या शहरात शोधावा लागे. काढणाऱ्या कंपनीने अकरा वर्षांपूर्वी आपला सर्व्हर बंद केला. तेव्हापासून आम्हा चाहत्यांचा एक सर्व्हर प्यो आजोबांच्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासावर संगणक देणाऱ्या दुकानात, मागच्या खोलीत चालू आहे. प्यो आता सत्तरीचे झाले. ती खोली रिकामी करून द्या, असे ते दोन वर्षे हळूच सुचवत आहेत.

नियम मीच लिहिला होता: फेब्रुवारीअखेर सोळा नावे न आल्यास त्या वर्षीचे सामने होणार नाहीत व सर्व्हर कायमचा बंद करावा. चार म्हाताऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांना हरवत राहणे याला खेळ म्हणत नाहीत, असे तेव्हा माझे मत होते. आज आम्ही चाराऐवजी आठ म्हातारे आहोत, एवढाच फरक. म्हणून नववर्षाच्या बैठकीत मी ठराव मांडला की नवा नकाशा आखावा, नवख्यांना हाताला धरून शिकवावे, आणि प्रत्येक जुन्या सभासदाने एक नवा माणूस आणावा. ठराव एकमताने संमत झाला. दातांचे साचे करणाऱ्या बे याने मेहुण्याला आणले. प्योंनी समोरच्या खानावळीतल्या मा बाईंना आणले. त्या झणझणीत नूडल्स जशा ओततात तशाच खेळतात. पंधरा नावे झाली. एकाच सभासदाने अजून कोणालाही आणलेले नाही. तो मी.

कोणाला विचारू, याची यादी करायला बसलो. कागद अजून कोरा आहे. हे-चानला विचारणे शक्य नाही, हे तू जाणतेस. सव्वाचार वर्षांत त्याचा फोन नाही. फोन वाईट बातमीसाठी आणि पत्र बाकी सगळ्यासाठी, हा बाबांनी घालून दिलेला नियम. त्यानुसार फोन नाही म्हणजे मुलगा बरा आहे, असे मी धरून चालतो. पत्रही नाही. त्याचा अर्थ मी लावत नाही.

गुडघ्याला ऊब दे. लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवण्याची सक्ती नाही.

तुझा धाकटा भाऊ,
ताए-योल

*

योंगदे-री,
१८ जानेवारी

चि. ताए-योल यास,
बोक-निमताईचे अनेक आशीर्वाद.

दोन मासे चुकून नव्हते रे. दहा तुझे आणि दोन, कोणी घरी आलंच तर, म्हणून घातले होते. तू तेही खाल्लेस. छप्पन्न वर्षांचा झालास, तरी ताटात दिसलं ते संपवायचं, ही सवय तुझी गेली नाही.

इकडे उणे सतरा आहे. मासे मांडवावर टांगले आहेत. रात्री गोठतात, दिवसा जरा सैलावतात, पुन्हा गोठतात. अशी तीन महिने परीक्षा दिल्यावर कुठे त्यांना चव येते. माणसांचंही तसंच होतं, असं तुझे भावोजी म्हणायचे. ते गेल्यापासून मला तसं काही आढळलेलं नाही. मी नुसतीच गोठते.

तुझा कोरा कागद वाचून मी चहा गार केला. सोळावं नाव माझं घाल. हसू नकोस. गावच्या सभागृहात संगणक आहे, त्यावर सरपंचबाई पत्ते खेळतात, त्यांना उठवीन. एकसष्टीच्या बायकांना बंदी आहे का, ते तुझ्या नियमांच्या पोथीत बघ. नसेल तर मी आलेच.

एक मात्र सांग. त्या दिवशी तुझ्यात आणि हे-चानमध्ये नक्की काय झालं? मी विचारलं होतं, तेव्हा तू एका ओळीत उत्तर पाठवलंस: नियमाप्रमाणे झाले. आत्या म्हणून मी गप्प बसले. आता मी खेळाडू आहे. मला नियम कळला पाहिजे.

जेवत जा. कुकरशी बोललास तरी हरकत नाही, पण भांडू नकोस. रुसला तर उपाशी राहशील. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच आहोत.

तुझी ताई

*

गुनसान,
५ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

बंदी नाही, तीनदा पाहिले. तुझे नाव सोळाव्या क्रमांकावर नोंदवले. प्यो आजोबांनी ते मोठ्याने वाचले, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. सामने १७ मार्चला, रविवारी. नियमपुस्तिका सोबत जोडली आहे, पाने बेचाळीस.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या नियमात आहे. खेळ मध्येच थांबवायचा असल्यास खेळाडूने आधी हात वर करावा, पंचाने तो पाहावा, मगच विरामाची कळ दाबावी. पूर्वी काही जण संकटात सापडले की परस्पर कळ दाबत आणि थांबलेल्या वेळात पुढची चाल शोधत. म्हणून मी हा नियम लिहिला. आधी हात, मग विराम. उल्लंघनास सामना गमावणे ही एकच शिक्षा.

ऑक्टोबर २०१९ ची अंतिम फेरी. एका बाजूस बे, दुसऱ्या बाजूस हे-चान, वय तेवीस, पंच मी. हे-चान जिंकत होता. सहावी खिंड त्याच्या हाती आली होती, सातवी दृष्टिपथात होती. अशा वेळी त्याने विराम दाबला. हात वर नव्हता. मी पाच पावलांवर उभा होतो. दोन्ही बाजू मला स्वच्छ दिसत होत्या, असे मी तेव्हा मानले. मी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्याने म्हटले: "बाबा, मला तिसरा हात नव्हता." भर सभेत पंचाला बाबा म्हणणे आणि वर असे बोलणे मला उद्धटपणाचे वाटले. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी 'कारण नाही' असे लिहिले. त्याने कीबोर्ड सरळ करून ठेवला, बेला वाकून नमस्कार केला आणि गेला. पुढच्या महिन्यात कोजेच्या जहाज कारखान्यात लागल्याचे तुझ्याकडूनच कळले.

मुलगा होता म्हणून मी त्याला सोडले असते, तर उरलेल्यांनी माझ्यावर विश्वास कशाला ठेवला असता? हा प्रश्न मी अनेकदा तपासला आहे. उत्तर दर वेळी तेच येते. तरीही तपासतो.

कळावे. तुझ्या मायेवर माझा हिवाळा चालला आहे.

ताए-योल

*

योंगदे-री,
२० फेब्रुवारी

चि. ताए-योल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी बेचाळीस पानं वाचली. बाबांनी आपल्याला वाढवलं, त्याला एवढे नियम लागले नव्हते.

आता रागावू नकोस. मला शिकवायला मी मास्तर गाठलाय. दर रविवारी सकाळी दहाला तो फोन करतो. पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा मी आधी भिंत धरली, मग फोन; आपल्या घरची सवय. बातमी वाईट नव्हती. हे-चान होता. मी त्याला पत्राने कळवलं होतं की आत्याला 'सात खिंडी' शिकायचाय. दोन दिवसांत फोन. आधी बराच वेळ हसला, मग मास्तरासारखा बोलू लागला. आत्या, सातही खिंडी राखायला जाऊ नकोस, दोन सोडून दे, हा त्याचा पहिला धडा. मी दोन सोडायच्या त्या पाच सोडल्या. तेव्हा म्हणाला की घराण्यात दानशूर कोणी तरी हवंच होतं.

तुझ्याबद्दल तो विचारत नाही, हे खरं तेच लिहिते. पण गुनसानला थंडी किती आहे, हे मात्र दर रविवारी विचारतो. मला काय ठाऊक गुनसानची थंडी? तरी काहीतरी आकडा सांगते.

त्याने एकच ताकीद दिलीय: बसायला अकरा क्रमांकाची जागा निघाली, तर बदलून माग. का, तर म्हणे, आपल्या घरातल्या सगळ्यांचे पाय लांब आहेत. पुढे काही बोलला नाही.

शेजारीण मासे बघेल. सोळाला संध्याकाळी पोचते. अंथरूण उन्हात घालून ठेव आणि जीव जरा हलका ठेव.

ताई

*

गुनसान,
१९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तू सुखरूप पोचल्याचे पत्र येईलच. घडले ते तुझ्यासमोर घडले. तरी नोंद पूर्ण असावी म्हणून, आणि तू परत गेल्यापासून घरात कुकरशिवाय कोणी बोललेले नाही म्हणूनही, लिहितो.

जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. तुला अकरा आली. सातव्या नियमानुसार जागा बदलून मागता येते, हे मी मोठ्याने वाचून दाखवले. तू मान हलवून नको म्हणालीस. मा बाईंविरुद्ध तुझ्या चार खिंडी गेल्या होत्या, तीन उरल्या होत्या. तेवढ्यात तुझ्या पडद्यावर विराम आला. हात वर नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साडेचार वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच.

निकालाचे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण तू मेजावर जवळजवळ आडवी झाली होतीस, गुडघा दुखावला असे वाटून मी खाली वाकलो. पंच म्हणून मी आजवर कधीही वाकलेलो नव्हतो. खाली तुझा डावा हात संगणकाच्या पाठीमागे गेलेला होता आणि कीबोर्डची पिन खोबणीत दाबून धरत होता. पाय लांब केला की त्या जागेवर पेटीला धक्का बसतो, पिन सैल होते, आणि ती धरून ठेवली नाही तर विरामाची कळही चालत नाही. डावा हात पिनेवर, उजवा कळेवर. वर करायला तुझ्याकडे हात शिल्लक नव्हता.

ताई, मी तिथे किती वेळ वाकलेलो होतो, ते मला सांगता येणार नाही. मी वेळ पाहिली नाही.

२०१९ ला हे-चान याच अकरावर बसला होता; त्या सामन्यानंतर मी हा संगणक तपासला होता. सरळ उभे राहून, पाय जवळ घेऊन. दोष आढळला नव्हता.

तू आणि मा बाई पुन्हा खेळलात, तू सात मिनिटांत हरलीस, हे रीतसर झाले. एकोणिसावा नियम त्याच दुपारी मतदानाने बदलला. आता हाताऐवजी आवाज दिला तरी चालतो. तू बसस्थानकाकडे निघालीस त्यानंतरचे तुला ठाऊक नाही. मी जुनी नोंदवही उघडली, 'कारण नाही' या शब्दांवर रेघ मारली आणि खरे कारण लिहून सही केली. एकतिसाव्या नियमानुसार पंचाचा निकाल चुकीचा ठरल्यास तेच खेळाडू, त्याच नकाशावर, तो सामना पुन्हा खेळतात. बेला विचारले. तो म्हणाला की तो चषक त्याने आजवर दिवाणखान्यात ठेवलेला नाही, किमचीच्या रांजणांमागे ठेवला आहे. सामना कधी, तेवढे सांगा. प्यो आजोबांनी मागची खोली पुढच्या वर्षापर्यंत राहू दिली आहे. नव्या लोकांपैकी पाच जण काल आपणहून आले होते.

हे-चानला काल पत्र टाकले. चौथा मसुदा पाठवला. पहिल्या तिन्हींत मी नियम समजावून सांगत होतो. चौथ्यात फक्त एवढेच लिहिले की मी वाकून पाहायला हवे होते, आणि सामना त्याचा अजून बाकी आहे.

तो येईल असे मी धरून चालत नाही. तू मात्र आपली म्हणून राहा.

ताए-योल

*

योंगदे-री,
२८ मार्च

चि. ताए-योल यास,
आशीर्वाद.

मी अकरा का बदलून मागितली नाही, हे तू पत्रात विचारलेलं नाहीस. शहाणा आहेस. विचारूही नकोस. एवढंच सांगते की पिन खरोखरच निसटली, आणि मी खरोखरच घाबरले. माझ्या तीन खिंडी उरल्या होत्या रे. मास्तराला कळवायचं होतं.

या रविवारी फोन आला नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. मी मांडवात जाऊन मासे मोजले, कमी नव्हते. सांगायला कोणी नव्हतं.

पुडकं पाठवलंय. या वेळीही बारा आहेत. दोन खाऊ नकोस.

ताई

*

कोजे,
७ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
हे-चानचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. ते मी पाळीवर नेले, परत आणले, पुन्हा नेले. उत्तराला वेळ लागला, कारण पत्र लिहिण्याची सवय गेली होती. आत्याचा फोनही या गडबडीत राहिला. तिची वेगळी माफी मागतो आहे.

त्या दिवशी तुम्ही वाकून पाहिले नाहीत, याचा मला राग होता. नंतर इथे जहाजाच्या पोटात काम करताना कळले की उभ्या माणसाला खालचे दिसत नाही, आणि खालचा माणूसही ओरडत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबरच असतात. मी तेव्हा एक वाक्य बोललो आणि निघून गेलो. दुसरे बोलायला हवे होते. अकरा क्रमांक बदलून घ्यायला आत्याला सांगितले ते तिने ऐकले नाही, हे तिच्याच पत्रावरून कळले. ती कोणाचेच ऐकत नाही.

सामना मला मान्य आहे. २८ तारखेला, रविवारी, मला सुट्टी आहे. एक अट आहे. पंच दुसरा असावा. प्यो आजोबा चालतील. तुम्ही माझ्यामागे प्रेक्षकांत बसा. प्रेक्षकांना कोणताही नियम नाही, हे मी बेचाळीस पाने पाहून खात्री करून घेतले आहे. हवे तेव्हा बोलू शकता.

गुनसानला थंडी ओसरली असेल. तरी बाहेर पडताना कानटोपी घालावी. माझ्यावर पूर्वी होती तेवढी माया असेल तर मला पुरेल.

आपला,
हे-चान

ता. क. गाडीतून उतरलो की स्थानकावरून फोन करीन. वाजला तर भिंत धरू नका. बातमी वाईट नसेल.