पन्नास मिनिटांचं अंतर

ती. सुपांगताईस,

मिरी विमानतळाच्या तिसऱ्या बाकावरून धाकट्या मारनचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नसावं, अशी आशा आहे. तुमच्याकडचा फोन आठवडाभर मुका आहे, म्हणून हे पत्र वैमानिकाच्या हाती देतोय. (कागदाचं वजन करत नाहीत.)

शनिवारी बारिओत मेजवानी. माझ्या गालिहला मुलगा झाला, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे मला आजोबाचं नवं नाव मिळणार, म्हणजे बारसं बाळाचं कमी नि माझंच जास्त. आणि मी सोमवारपासून इथे बसून आहे. अंतर एकशे ऐंशी किलोमीटर, विमानाला लागतात पन्नास मिनिटं, आणि आज गुरुवार आहे, ताई.

सोमवारी नाव आडवं आलं. हौसेने तिकीट नव्या नावाने काढलं होतं. (ते इथे लिहीत नाही, शनिवारी जाहीर व्हायचंय. खिडकीवरच्या बाईंना तेवढं कळलं.) ओळखपत्र जुन्या नावाचं. बाई म्हणाल्या, "हे गृहस्थ कोण?" म्हटलं, "मीच, पण शनिवारपासून." मंगळवारी पिशवीसकट काट्यावर उभं केलं. एकोणीस माणसांचं ते विमान, त्यात कुणाच्या तरी कोंबड्या. वजन जास्त भरलं. एक तर बिस्किटांचे डबे जातील नाहीतर तुम्ही, म्हणाले. डबे गेले. एव्हाना तुम्ही ते फोडलेही असतील.

बुधवारी एकदाचा उडालो. बारिओच्या डोक्यावर पोचलो तर खाली नुसते ढग. एका फटीतून मांडवाची निळी ताडपत्री दिसली, तूही दिसलीस (निदान तेवढ्या आकाराचं कोणीतरी). तीन घिरट्या घालून वैमानिक परत फिरला. दोन तास उडून मी याच बाकावर येऊन बसलो. शेजारचे म्हणाले, "लवकर आलात." जंगलातल्या रस्त्याने जीप चौदा तासांत पोचवते, पण माझ्या कमरेचा एकही मणका जागेवर राहणार नाही. आजच्या विमानात जागा नाही, हे पत्र तेवढं जातंय; आता उरलं उद्याचं विमान. ते हुकलं तर नातवाच्या मेजवानीला आजोबाच नाही. मी पार हरलोय, ताई.

तुझा
मारन

ता. क. बाईंनी सोमवारीच तिकिटावरचं नाव बदलून दिलं होतं. मंगळवारी डबे मागे ठेवून मला जाता आलं असतं. ढग मात्र खरे होते, पण विमान परत फिरलं तेव्हा मला हायसं वाटलं.

आणखी एक. विमानाला मी भीत नाही. मंचावर आजी-आजोबांच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडतात, त्याला भितो. बुलानला जाऊन वर्ष झालं. आजी झाल्यावर घ्यायचं नाव तिने गालिह रांगत होता तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मला माझं नाव घेववणार नाही. उद्या काट्यावर सगळ्यांत आधी मी उभा राहीन. ती खुर्ची मात्र काढू नका, आणि रिकामीही ठेवू नका. तू बसशील का तिथे? माझ्या नावापाठोपाठ तिचंही पुकारायला सांग. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. शनिवारपर्यंत कुणाला दाखवू नकोस.