स्लेडचे कोरडे वजन

८ जानेवारी, गुरुवार

ज्याने हिमकणाला भार दिला पण भाराचा गर्व दिला नाही, ज्याने डोंगर उभे केले आणि ते चढण्याची बुद्धी मात्र हात राखून वाटली, त्याची कृपा या वहीवर आणि ती लिहिणाऱ्या वृद्ध हातावर राहो.

आता मूळ विषय. दोन डोंगरी स्नोमोबाइलची, म्हणजे आमच्या भाषेत स्लेडची, तुलना करताना वजनाला किती महत्त्व द्यावे? माझे उत्तर: सर्वाधिक.

कारण नोंदवून ठेवतो. लार्च क्रीकच्या आमच्या मंडळीत रूपांतराच्या रविवारची, म्हणजे डोंगरावर प्रभूचे रूप पालटले त्या स्मरणाची, उपासना देवळात होत नाही. ती माथ्यावर, वणव्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या जुन्या मनोऱ्यापाशी होते. सगळे आपापल्या स्लेडवरून जातात. ताज्या बर्फातून पहिली वाट पाडत जो माथा गाठतो त्याने शुभवर्तमान वाचायचे, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज आहे. पाळक असताना आणि निवृत्तीनंतरही ते मीच वाचत आलो. गेल्या वर्षी अँव्हिल नावाच्या अखेरच्या चढावर माझी स्लेड रुतली, आणि शुभवर्तमान ऑरिन स्कारने वाचले. ऑरिन माझा जुना मित्र. त्याने जन्मभर लाकूड तोडले, आणि पवित्र वचनही तो लाकडाचा लिलाव पुकारावा तसे वाचतो.

यंदा मंडळीच्या समितीने अत्यंत प्रेमाने सुचवले की मी पायथ्याच्या केबिनमध्ये थांबून कॉफी सांभाळावी. मी तितक्याच प्रेमाने कळवले की यंदा सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचलो नाही, तर यापुढे कायमची कॉफी सांभाळीन. समितीने हे वाक्य इतिवृत्तात लिहून घेतले. एवढी तत्परता अनावश्यक होती.

दुपारी दोन्ही कंपन्यांची पत्रके शेजारी शेजारी ठेवून अभ्यासली. ऑरिनची स्लेड माझ्या स्लेडपेक्षा अकरा पौंडांनी हलकी आहे. निदान झाले. आता केवळ उपचार उरला.

१० जानेवारी

सकाळी डायनरमध्ये ऑरिनशी शास्त्रार्थ. मी त्याला अकरा पौंडांचे सांगितले. अंड्यांवर मिरपूड टाकत तो म्हणाला, आर्विड, अकरा पौंड तर तुझे बूटच भरतील.

मी शांतपणे समजावले की तुलना नेहमी कोरड्या वजनाची करावयाची असते. त्यात इंधन धरायचे नाही, तेल धरायचे नाही, इंजिन थंड ठेवणारा द्रवही धरायचा नाही. उरते ते यंत्राचे शुद्ध सत्त्व. बाकीचे सारे आगंतुक. ऑरिन म्हणाला, म्हणजे पेट्रोल न घालता जी सगळ्यात झकास चालते, ती स्लेड चांगली, असंच ना?

मी विषयाला उंची देण्याचा प्रयत्न केला. हिब्रू भाषेत गौरव आणि वजन या दोहोंचे मूळ एकच आहे, असे सांगितले. त्याने माझ्या पोटाकडे पाहिले आणि आदराने टोपी काढली.

१४ जानेवारी

संकल्प: धावणाऱ्याने अंगावरचा प्रत्येक भार टाकावा, ही प्रेषिताची शिकवण यंत्रास लागू करणे.

मागची सामानाची जाळी काढली. हँडलवरची पिशवी काढली. बसण्याच्या गादीतला फोम चाकूने कोरून निम्मा केला. पोलादी बोल्टांऐवजी टायटॅनियमचे बोल्ट मागवले. माझी पत्नी मारिट गॅरेजमध्ये डोकावली आणि म्हणाली, आर्विड, त्या गादीचं काय केलंस हे? मी म्हटले, तपश्चर्या. ती म्हणाली, तुझी की तिची?

रात्री जेवणानंतर हकलबेरीचा पाय, म्हणजे रानफळे भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. दोन तुकडे घेतले. गॅरेजमध्ये थंडी फार असते आणि देहाला ऊब लागते. शिवाय स्वाराचे वजन तुलनेत धरले जात नाही. कोणत्याही कंपनीच्या पत्रकात तसा रकाना नाही.

२१ जानेवारी

बर्ल ओस्टबीच्या मांसाच्या दुकानामागे एल्क, म्हणजे मोठी रानहरणे, टांगून तोलण्याचा काटा आणि त्याचा मोठा लोखंडी आकडा आहे. शिकारीचा हंगाम संपला की गावातल्या स्लेड तिथेच तोलल्या जातात. आज माझी टांगली. पत्रकातल्या आकड्यापेक्षा नव्वदएक पौंड अधिक भरली.

खोट्या काट्याविषयी शास्त्राचे मत काय आहे, ते मी बर्लला ऐकवले. तो म्हणाला, पाळकसाहेब, आजपर्यंत एकाही एल्कने तक्रार केलेली नाही. मग त्याने टाकीतले इंधन दाखवले, आणि स्लेडच्या पोटाखाली गोठून बसलेला बर्फही दाखवला. पावसात भिजलेल्या मेंढीला लोकर लोंबावी तसा तो लोंबत होता.

त्यानंतर ऑरिनची स्लेड टांगली. ती माझ्या स्लेडहून चार पौंडांनी जड निघाली, कारण तिच्यावर कुऱ्हाड, दोर आणि हरणाच्या मांसाचे सॉसेज होते. ऑरिन म्हणाला, झालं तर मग, तुझीच हलकी. मग गेल्या वर्षी तुझी का रुतली?

प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता. घरी येईपर्यंत उत्तर सापडले: दोन स्लेडची परस्परांशी तुलना हे क्षुद्र ध्येय आहे. तुलना डोंगराशी करावयाची असते. म्हणून भार आणखी कमी केला पाहिजे.

निघताना बर्ल म्हणाला, आता आकड्याला तुम्ही लटका, तेही बघून टाकू. मला शास्त्रातला तो हात आठवला, ज्याने राजवाड्याच्या भिंतीवर लिहून राजाला कळवले की तू तराजूत उणा भरलास. तराजूत जाण्याची घाई कोणी करू नये.

२२ जानेवारी

संकल्प: उपवास. सकाळी केवळ काळी कॉफी.

२२ जानेवारी, सकाळी १०

मारिटने लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजल्या. लोण्याचा वास गॅरेजपर्यंत आला. आतिथ्याचा अव्हेर करणे हेही पापच, आणि पत्नीचे आतिथ्य तर सर्वांत आधी स्वीकारावे.

२९ जानेवारी

अँव्हिलवर सराव. एकट्याने जाऊ नये असा नियम असल्यामुळे सोबत पास्टर टॅम्सिन हेग होत्या. माझ्या जागी आलेल्या या नव्या पाळक. वय चाळिशीच्या आत. त्यांची स्लेड मंडळीने दिलेली, जुनी, दोघांना बसता येईल अशी. वजनाने बॉयलर. ती पाहून मला त्यांची करुणा आली.

त्या बॉयलरवर उभ्या राहून, काहीतरी गुणगुणत, त्या एका दमात वर गेल्या.

माझी स्लेड गेल्या वर्षीच्याच ठिकाणी, वाकड्या फरच्या झाडापाशी, आपणहून मंदावली आणि रुतली. पास्टर हेग खाली आल्या आणि फावड्याने बर्फ उकरू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, पास्टर नेसहाइम, रागावणार नसाल तर एक सांगू? त्या झाडापाशी आलात की तुम्ही थ्रॉटलवरचा अंगठा उचलता. तेवढा दाबून धरा. स्लेड आपली जाते.

मी त्यांना भार आणि वेग यांचे गुणोत्तर विस्ताराने समजावून सांगितले. त्या हो हो म्हणाल्या आणि त्यांनी मला आपले अर्धे चीज सँडविच दिले. नव्या पिढीला पदार्थविज्ञानाची गोडी राहिलेली नाही.

त्या झाडापासून डावीकडे दरी सुरू होते. देखावा रम्य आहे, असे म्हणतात. मी त्या बाजूला पाहत नाही.

३० जानेवारी

अंगठ्याचा विचार केला. अंगठ्याचे वजन नगण्य आहे. विषय बंद.

७ फेब्रुवारी

टायटॅनियमचे बोल्ट आले. दिवसभर बसून सारे बदलले. जुने आणि नवे बोल्ट मारिटच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. जितका भार स्लेडवरून उतरला, जवळपास तितकाच मीटलोफ, म्हणजे खिम्याचा भाजलेला वडा, तिने रात्री माझ्या ताटात वाढला. सृष्टीत काहीही नष्ट होत नाही, याचा प्रत्यय आला.

मारिट काटा पुसत म्हणाली, इतकी वर्षं त्या डोंगरावर जातोयस, आर्विड. एखाद्या वर्षी नाही वाचलंस तर देव काय तुला ओळखणार नाही? मी म्हटले, देवाचा प्रश्नच नाही, प्रश्न समितीचा आहे. तिने काटा फडताळात ठेवला आणि माझ्याकडे वळून पाहिले. तिचे तसे पाहणे हा स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि त्याचा अभ्यास मी टाळतो.

१४ फेब्रुवारी

सिद्धता पूर्ण. पाठीवरच्या पिशवीतून फावडे काढून ठेवले, कारण हलकी स्लेड रुतत नाही आणि न रुतणाऱ्याला फावडे कशाला? टाकीत इंधन अर्धेच भरले. पोटाखालचा बर्फ उन्हाळी पंख्याने आणि केस वाळवण्याच्या यंत्राने वितळवून काढला. कोरलेल्या गादीवर बसून पाहिले. धर्मासाठी मेलेल्या हुतात्म्यांच्या यातनांविषयीची माझी समज वाढली.

सायंकाळी उद्याचे शुभवर्तमान मोठ्याने वाचण्याचा सराव केला. खिडकीची काच थरथरली. आवाज शाबूत आहे.

उद्याविषयी मनात किंचितही शंका नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी ६

रात्री दोन फूट नवा बर्फ पडला. नवा बर्फ हलका असतो. सर्व चिन्हे अनुकूल.

१५ फेब्रुवारी, दुपारी

घडले तसे लिहितो.

पायथ्याशी पास्टर हेग प्रत्येकाची पिशवी तपासत होत्या. हिमलोटात शोध घेण्याचे यंत्र आणि फावडे यांवाचून त्या कोणाला वर सोडत नाहीत. माझी पिशवी पाहून त्यांनी स्वतःकडचे जादा फावडे तिच्यात घातले. तेवढ्याने सारे गणित बिघडले, अशी नोंद मी त्याच क्षणी मनात करून ठेवली. पुढे सबब म्हणून लागली असती.

मंडळीने मला पुढे जाऊ दिले. वीसेक स्लेड मागे थांबल्या. अँव्हिलचा खालचा टप्पा मी उत्तम चढलो. बर्फ छातीवर उडत होता. मग ते वाकडे फरचे झाड आले. आजवर ज्या बाजूला पाहिले नव्हते, त्या बाजूला या वेळी पाहिले. दरी आहे. खोल आहे.

स्लेड थांबली. नाक वर, मागची बाजू गादीपर्यंत बर्फात. मागे कोणी हसले असते तर बरे झाले असते. कोणीही हसले नाही. सर्वांनी एकदम आपापल्या हातमोज्यांकडे पाहायला सुरुवात केली.

ऑरिन बर्फ तुडवत वर आला. माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाला, उतर, म्हाताऱ्या. खाली लेकरं गारठलीत. आम्ही दोघांनी उकरले. मग तो माझ्या स्लेडवर उभा राहिला. ऑरिन माझ्याहून साठ पौंडांनी जड आहे, हे तो स्वतःच अभिमानाने सांगत असतो. शिवाय सॉसेजची पिशवी त्याने पाठीवरून उतरवली नव्हती. माझी ती सोललेली, अर्धपोटी, अर्ध्या गादीची स्लेड त्याच खड्ड्यातून उठली आणि त्याला घेऊन थेट माथ्यावर गेली. झाडापाशी तिने श्वासही घेतला नाही.

मी तिथेच उभा. पास्टर हेग बॉयलर घेऊन शेजारी आल्या आणि म्हणाल्या, बसा मागे, माझा कोट धरा. त्या स्लेडवर आम्ही दोघे, प्रभुभोजनाची भांडी, गीतपुस्तकांची पेटी आणि दोन फावडी. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मनोरा समोर होता.

रिवाजाप्रमाणे शुभवर्तमान ऑरिनने वाचले. लिलावाच्याच सुरात. डोंगरावर ढग उतरतो आणि शिष्य भयाने पालथे पडतात, तिथे तो क्षणभर अडला. ओळ हरवली होती. त्याने बोटाने ती शोधली आणि पुढचे जरा हळू वाचले: की प्रभू जवळ आला, त्याने त्यांना हात लावला आणि उठायला सांगितले, भिण्याचे कारण नाही म्हणून. हे वचन मी आजवर इतक्या मोठ्या आवाजात वाचत आलो की त्यात कोणाला तरी हात लावलेला आहे, हे माझ्या कधी ऐकण्यातच आले नाही.

उपासनेनंतर ऑरिनने किल्ली परत दिली. म्हणाला, झकास आहे रे तुझी स्लेड. फक्त बसायला काटेरी. मी त्याला विचारले, झाडापाशी तुला काय वाटले? तो म्हणाला, घाबरलो की. दरवर्षी घाबरतो. म्हणून अंगठा दाबून धरतो, लवकर सुटका होते.

हे त्याने मला कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. तुलना चालली होती ती यंत्रांची.

उतरताना स्लेड पास्टर हेग यांच्यामागे ठेवली. समितीच्या अध्यक्षांनी पायथ्याशीच, अत्यंत प्रेमाने, केबिनची किल्ली माझ्या हातावर ठेवली. घरी मारिटने विचारले, काय झालं? मी म्हटले, अंगठा. ती म्हणाली, मग अंगठ्याला काही लावू का? मी म्हटले, नको, हकलबेरीचा पाय असेल तर दे.

तर कॉफी. केबिनमधली किटली मोठी आणि बोजड आहे. तिचे कोरडे वजन किती, भरल्यावर किती, आणि हलक्या धातूची मिळेल का, हे उद्या बर्लच्या आकड्यावर पाहावे लागेल.

ही वही कोणाच्या वाचनासाठी नाही. तरी कोणी वाचलीच, तर त्या प्रत्येकावर प्रभूची कृपा राहो. ज्याला चढ सहज जमतो त्याला मागे वळून पाहण्याची बुद्धी मिळो. ज्याला दरी दिसते त्याला, डोळे मिटून धरता येईल असा कोणाचा तरी कोट मिळो. आणि माथ्यावरून जो कोणी गारठून खाली येईल, त्याला खाली कॉफी गरम मिळो. ती जबाबदारी आता माझी आहे. आमेन.