जेवण उरलं

आबा, परवा सव्वीस जानेवारीला शाळेसमोर तुमच्या नावाचा दगड बसला. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. टाळ्या वाजवायला म्हातारी माणसं, आम्ही चार मास्तर आणि रांगेत उभी केलेली पोरं. तुम्ही असता तर पोरांना आधी सावलीत बसवलं असतं.

दगडावर काय कोरायचं, यावरून महिनाभर घोळ चालला होता. सरपंच म्हणाले, "गुरुजी, 'रणवीर' लिवू. लई झकास दिसंल." मी म्हणालो, आबा एकाहत्तरच्या लढाईत लांगरी होते, पलटणीचा स्वयंपाक करायचे, तेच लिहा. तर ते कानाशी लागले, "आवो, सैपाकी लिवलं तर लोक काय म्हनतेल? वडलाला कमीपना कावून आनता?" मग मी माझं संस्कृत पाजळलं आणि 'सूपकार' सुचवलं. अर्थ तोच, फक्त इस्त्री केलेला. पारावर बसलेल्या तुमच्या दोस्तानं डोळे बारीक केले, "सुपं इनायचा व्हय त्यो? मला तं कदी बोलला न्हाई." एवढी वर्षं शिकवलेल्या संस्कृताचा असा निकाल लागला. तुम्ही हसून म्हणाला असता, "पंडिता, तुझी भाषा लई शिकलेली, पर भुकेल्याच्या कामाची न्हाई."

मला ती चुलीपुढची संध्याकाळ दिसते. आई माहेरी गेलेली, मी दहावीतला. तुम्ही भाकरी थापताय आणि मी विचारतोय, लढाई कशी असते? मला तोफा हव्या आहेत. तुम्ही भाकरी उलटता, विस्तवाला टेकवता आणि ती टम्म फुगू देता. मग म्हणता, "जेवान उरलं." मी वाट पाहतो. "साऱ्या पलटनीचं रांधलं व्हतं. म्होरच्या ठान्यापस्तोर डेगा न्हेल्या. खानारे कमी आले." आणि लगेच माझ्या ताटाकडे बघून, "टाकू नको बे त्यातलं. निमूट खा." घरात कुणी घास टाकला की तुम्ही पानावरून का उठायचात, ते त्या दिवशी कळलं. पुन्हा आपण लढाईचं बोललो नाही.

हे सगळं मी सरपंचांना सांगितलं. त्यांनी मळायला घेतलेली तंबाखू परत डबीत ठेवली. मग म्हणाले, "मंग तसंच लिवा." म्हणून दगडावर आता तुमच्या नावाखाली एवढंच आहे: 'यांनी लढाईत पलटणीला जेवू घातलं.' रणवीर गेला, सूपकारही गेला.

पूर्वी आई पाकिटावर तुमचा नंबर आणि पलटण लिहायची, एवढ्यावर पत्र बर्फात पोचायचं. आता तेवढाही पत्ता नाही, म्हणून हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवतो. एक सांगायचं राहिलं. तुमची सून गेल्यापासून मीच थापतो. भाकऱ्या गोल होत नाहीत, ते सोडा. पण पीठ अजून दोघांचं मळलं जातं. रोज उरतं, आबा. सकाळी उभ्याउभ्या खातो, टाकत नाही. ती गेल्याचं हातांना अजून सांगितलेलं नाही.